त्सुगावाबाईंची स्वस्त तलवार

त्सुगावाबाई येणार असं कळलं आणि आमच्या गल्लीत कुणाचं कामात लक्ष लागेना. भट्ट्या पेटलेल्या होत्या, पण घणांचा ठेका चुकत होता. दुकानदार गिऱ्हाइकाला भलतीच वस्तू देत होते. चीनमधल्या आमच्या लोंगछ्वानला तलवारी करणारी घरं काही कमी नाहीत. सरळ पात्याची आपली जुनी तलवार करणारे वेगळे, ते स्वतःला फार मानतात. आम्ही बाकीचे परदेशी गिऱ्हाइकांसाठी जपानी घाटाची बाकदार तलवार करतो, आणि तीही स्वस्तातली. अशा तलवारी पारखायला खुद्द जपानहून कुणी बाई येते, हे गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं.

माझा नवरा बाओशेंग पाती घडवतो आणि त्यांना पाणी देतो, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवतो. मुठी मी करते. लाकूड कोरायचं, त्यावर पाकट माशाची खरबरीत कातडी लावायची आणि वरून फीत आवळून गुंडाळायची. सासूबाई तलवारी खोक्यात भरतात आणि भरता भरता सगळ्यांना नावं ठेवतात.

समोरच्या दारात याओ गुओदोंग राहतो. तो आणि बाओशेंग एकाच गुरूच्या हाताखाली शिकले, पुढे बरीच वर्षं एकाच भट्टीवर काम केलं. मग एका हिवाळ्यात पाणी देताना पात्यांची अख्खी रास तडकली. याओ म्हणाला, पोलाद जास्त तापवलंस. बाओशेंग म्हणाला, पाणी गार होतं, ते कोमट करायचं काम तुझं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. याओ दारात झाडू घेऊन आला की बाओशेंग आत जायचा, आणि बाओशेंग बाहेर बसला की याओ खिडकी लावून घ्यायचा. गल्ली आठ-दहा पावलांची, पण दोघांच्या मधे जणू नदी वाहत होती.

त्सुगावाबाई तलवार चालवायला शिकवायच्या. अर्धं वर्ष जपानात, अर्धं वर्ष युरोपात. तिकडचे त्यांचे शिष्य म्हणजे बस चालवणारे, दवाखान्यात नर्स असलेले, शाळेत शिकवणारे. खरी जपानी तलवार घ्यायची तर त्यांना राहतं घर विकावं लागलं असतं. म्हणून बाईंना स्वस्त, पण भरवशाची तलवार हवी होती. दोन वर्षांपूर्वी कुठल्या तरी स्वस्त तलवारीचं पातं मुठीतून निसटून त्यांच्या एका शिष्येच्या पायात घुसलं होतं. तेव्हापासून बाई स्वतः बघितल्याशिवाय काही घेत नसत. नमुने मागवून, फोटो बघून त्यांनी दोनच कारखाने शिल्लक ठेवले होते. एक आमचा. दुसरा याओचा.

बाई येणार त्या दिवशी सकाळी मी बघते, तर बाओशेंग त्यांना दाखवायला निवडलेलं पातं घेऊन बसलेला आणि हातात तारेचा ब्रश.

भारी तलवारीवर धारेलगत एक धुरकट लाट दिसते. पात्यावर मातीचा लेप देऊन मग पाणी दिलं की ती आपोआप उमटते. आमच्या स्वस्त पात्याला आम्ही सगळीकडून सारखंच, तेलात बुडवून पाणी देतो. त्यावर लाट कुठून येणार? म्हणून ती ब्रशनं काढायची. गिऱ्हाइकं खूश असतात.

"ब्रश ठेव खाली," मी म्हटलं.

"लाट सगळ्यांनाच हवी असते."

"सगळ्यांना असेल. या बाईचा जन्म गेलाय त्यात."

"मग काय बोडकं पातं दाखवू? समोरचा तर नटवून आणणार."

सासूबाई दारात बांबूचे कोंब सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रंगवलेल्या भुवया घामानं उतरतात. तुझ्या आत्याच्या लग्नात सगळ्या गावानं बघितलंय."

बाओशेंगनं ब्रश आपटला, पण ठेवला. ते पातं साधंच राहिलं. मी त्याला नवी मूठ चढवली. माझ्या मनासारखी बसली नाही. पुढच्या तोंडाशी किंचित जागा राहिली, तिथे मी बांबूची पातळ चकती सारली आणि वरून फीत आवळली. घाई होती, आणि आम्ही एरवीही असंच करतो.

परीक्षा गावच्या बास्केटबॉलच्या मैदानावर होती. सगळी गल्ली लोटलेली. सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा सडा पडलेला, आणि म्हाताऱ्यांनी सिगारेटच्या पाकिटांवर पैजा लावलेल्या. मला वाटलं होतं, कुणी काटक, करारी बाई येईल. आली ती बुटकी, गुबगुबीत, सत्तरीची बाई. पायात चालायचे बूट, डोक्यावर गवती टोपी, आणि हातात बस स्टँडवर घेतलेली मोहरीच्या पाल्याची भरलेली भाकरी. खाता खाता ती कशाला तरी एवढी हसली की ठसका लागला. तिच्याबरोबर पेई नावाची हांगचौ शहरातली दुभाषी मुलगी होती. बोलून बोलून तिचा घसा बसला होता.

बाओशेंगनं आमची तलवार दोन्ही हातांनी पुढे केली. याओनं त्याची केली. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

बाईंनी हात पुसले, दोन्ही तलवारींना वाकून नमस्कार केला आणि घेतल्याच नाहीत.

"बाई म्हणतात," पेई म्हणाली, "या तुम्ही माझ्यासाठी आणल्यात. मला उद्या बोटीवर चढणाऱ्या दाखवा. खोक्यातल्या."

खोक्यातल्या सगळ्या पात्यांवर लाट काढलेली होती.

पण करता काय? दोन्ही घरांतून खोकी आली. बाईंनी डोळे मिटून हात घातला आणि एकेक तलवार काढली. आमचं पातं म्यानातून बाहेर आलं, उन्हात ती लाट झगझगली. बाईंनी बोटाला तेल लावून लाटेवर घासलं, पातं उजेडाकडे तिरकं धरलं आणि पेईला काहीतरी म्हणाल्या. पेईला हसू आवरेना.

"बाई विचारतात, ही लिपस्टिक कुणाची?"

मैदान हसलं. बाओशेंगचे कान तांबडे झाले. मी पुढे झाले. "आमचीच. गिऱ्हाईक मागतं म्हणून लावतो. खालचं पोलाद तेच आहे. आम्ही जी घेऊन आलो होतो, तिला लावली नव्हती."

बाईंनी आमची पहिली तलवार उपसून बघितली. मग याओची खोक्यातली बघितली. तिलाही लाट होती, फक्त जास्त सुबक. "याची लिपस्टिक बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण मी ओठ विकत घ्यायला आलेली नाही. चला."

आता त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी आमची खोक्यातली तलवार कानाशी धरून मनगटानं झटकली. आत अगदी बारीक 'टिक' वाजलं. बिया फोडायची कुटकुट चालू होती, तरी ते मला ऐकू आलं. याओची झटकली. काही नाही. याओनं छाती पुढे काढली. मग बाईंनी एक डोळा मिटून दोन्ही पाती पाठीवरून न्याहाळली. आमचं सुतासारखं सरळ. याओचं टोकाकडे केसभर डावीकडे गेलेलं. आता बाओशेंगची छाती पुढे आली.

"बघा, दोन कोंबडे," सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आणि अंडं घालायला कुणी नाही."

कापणी सुरू झाली. भिजवून गुंडाळलेल्या चटया खांबांवर लावल्या होत्या. बाई उभ्या राहिल्या आणि तो गुबगुबीतपणा कुठे गेला कळलंच नाही. पातं वर गेलं, खाली आलं, आवाज असा आला की कुणी रेशीम फाडावं. चटईचा वरचा तुकडा क्षणभर जागेवरच बसून राहिला, मग घसरला. लोकांनी बिया खाणं थांबवलं. दुसरी, तिसरी. मग हिरवे बांबू. दोन्ही तलवारी सारख्या चालल्या. बाओशेंगनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली. मला ते नंतर कळलं.

"आता," पेई ओरडली, तिचा आवाज चिरकला, "सगळ्यांनी रेघेच्या मागे. बाई म्हणतात, चांगला वार कुठलीही तलवार सोसते. माझे शिष्य चांगले वार करत नाहीत. आता मी त्यांच्यासारखा वार करणार."

बाईंनी सगळ्यात जाड बांबू लावायला सांगितला. याओची तलवार घेतली. उभं राहण्याची ढब मुद्दाम बिघडवली, मनगट पिळलं, आणि नवशिक्यानं झाडावर कुऱ्हाड हाणावी तसा आडवा-तिरपा घाव घातला.

काच फुटल्यासारखा आवाज झाला. पात्याचा पुढचा तुकडा गिरक्या घेत उडाला आणि सिमेंटवर आपटून नाचत नाचत खांबापाशी जाऊन थांबला. याओ त्या तुकड्याकडे बघत राहिला. त्याचं पातं धारेला फार कडक होतं. चटया कापायला सुरेख, पण दमच नव्हता.

बाओशेंगनं माझं मनगट सोडलं. "आता आपली," तो पुटपुटला.

बाईंनी आमची घेतली. तोच बांबू, तोच बिघडलेला पवित्रा, तोच वेडावाकडा घाव. धप्प असा आवाज आला. पातं बांबूत अर्ध्यावर अडकलं. त्यांनी ते हिसडून काढलं आणि वर धरलं.

आमची तलवार वाकली होती. सुकलेल्या पालेभाजीच्या देठासारखी, एका बाजूला.

आधी एक म्हातारा हसला, मग सगळं मैदान. याओसुद्धा. बाओशेंग मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला रडू येत होतं आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होते.

आणि मग बाई हसायला लागल्या. पण आमच्यासारखं नाही. लॉटरी लागल्यासारखं. त्यांनी तलवार उंच धरली, गोल फिरून सगळ्यांना दाखवली आणि भराभरा बोलत सुटल्या. बिचारी पेई मागे धावत होती.

"बाई म्हणतात, हेच. हेच पाहिजे होतं. तलवार वाकली तर शिष्य लाजून घरी जातो. तलवार तुटली तर दुसरा कुणीतरी दवाखान्यात जातो. हे पातं कुणी केलं?"

बाओशेंगनं खाली बसल्या बसल्याच हात वर केला.

बाईंनी दोन ओंडके मागवले, त्यांच्या फटीत पातं अडकवलं, अंगाचा भार देऊन हळूहळू उलटं वाकवलं, एक डोळा मिटून बघितलं, पुन्हा जरा रेटलं. पातं सरळ झालं. त्याच पात्यानं त्यांनी शेवटची चटई कापली. मैदानानं असा गलका केला की पलीकडच्या शेतातली बदकं उडाली. बाओशेंग उठून उभा राहिला. तो हसत होता की रडत होता ते त्यालाच ठाऊक.

पण बाईंचं संपलं नव्हतं. त्या माझ्याकडे आल्या. "मूठ तुझी?"

"हो."

"फीत सोड."

मी सगळ्यांसमोर माझीच गुंडाळलेली फीत सोडायला लागले. कातडी काढली. खाली लाकडाला पातं मुठीत धरून ठेवणाऱ्या खुंटीच्या भोकापासून थेट मुठीच्या तोंडापर्यंत चीर गेली होती. आत बांबूची चकती सरकून तिरकी झाली होती. म्हणजे सकाळच्या नव्या मुठीसारखीच या खोक्यातल्या तलवारीतही चकती होती. ती 'टिक' तिचीच होती.

बाईंनी याओची तुटकी तलवार उचलली, तिची खुंटी ठोकून काढली, मूठ वेगळी केली आणि माझ्या हातात दिली. आतलं लाकूड पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटाला असं बसत होतं की मधे कागद शिरला नसता. एवढा घाव खाऊनही तिला ओरखडा नव्हता.

"निकाल," पेई म्हणाली. "पातं यांचं. मूठ त्यांची. दोन्ही मिळून एक तलवार. असं जमत असेल तर बाई पुढची सगळी वर्षं इथूनच घेतील. नसेल जमत तर त्या संध्याकाळच्या गाडीनं परत."

बाओशेंगनं याओच्या दिशेनं नाही, तर बास्केटबॉलच्या कड्याकडे बघितलं. याओनं बुटाच्या नाडीकडे. दोघंही लोखंडाचे. एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी भागलं असतं. कुणी उघडेना. बाई घड्याळ बघायला लागल्या.

माझ्या हातात याओची मूठ होती. ती इतकी सुंदर होती की मला राग धरताच येईना. मी सरळ केलेलं पातं उचललं, मैदान ओलांडलं आणि याओसमोर धरलं.

"याओदादा, याला मूठ करून द्या."

मग त्यानं पातं घेतलं. शेपटावरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा आंबट झाला. "काही बदललं नाही याचं. शेपूट अजून एका अंगाला जाड ठेवतो."

मागून बाओशेंग गरजला, "जाड नाही ते. तुझी कानस बोथट असायची."

"माझी कानस? तूच तिनं खिळे घासायचास."

"खिळे तुझ्या सासऱ्याच्या छपराचे होते."

इतक्या वर्षांत दोघांचं हे पहिलं बोलणं. ते भांडत भांडत याओच्या कारखान्याकडे निघाले, आणि सगळं मैदान त्यांच्यामागून. सासूबाई त्सुगावाबाईंच्या दंडाला धरून म्हणाल्या, "यांचं चालू दे. तू जेवायला चल." पेईनं भाषांतर करायच्या आत बाई चालायला लागल्या होत्या.

दुपारभर याओ लाकूड कोरत होता. खिडकीत माणसांची डोकी, दारात माणसांची डोकी. बाओशेंग शेजारी उभा राहून सूचना देत होता आणि याओ एकही ऐकत नव्हता. लाकूड कोरायचं, शेपटाला काजळी फासून पातं घालून बघायचं, डाग जिथे लागेल तेवढंच तासायचं. मी त्याच्या हातांवरची नजर काढली नाही. आमच्या घरी सासूबाईंनी बाईंना कोंबाची भाजी, तांदळाचे चिकट वडे आणि घरची दारू वाढली.

"जपानी आहे, पण खाते माणसासारखी," सासूबाईंनी पेईला सांगितलं. "हे भाषांतर करू नकोस."

पेईनं केलं. बाईंनी लोटांगण घालायचा आव आणून अजून एक वडा घेतला.

ऊन उतरायच्या सुमारास तलवार तयार झाली. पातं आमचं, मूठ याओची आणि फीत माझी, कारण फीत मात्र बाईंना माझीच आवडली होती. पुन्हा सगळे मैदानावर. बाईंनी तलवार कानाशी धरून झटकली. काहीच वाजलं नाही. पुन्हा झटकली. शांत. मग जाड बांबू, पिळलेलं मनगट आणि सकाळपेक्षाही वाईट घाव.

पातं बांबूत रुतलं. बाईंनी ते ओढून काढलं, एक डोळा मिटला. किंचित बाक आला होता, तो त्यांनी ओंडक्यांत घालून काढला. फीत सोडायला त्यांनी मलाच बोलावलं. मी ती सोडली, कातडी उचलली. लाकूड जसंच्या तसं. मी मान वर केली आणि माझ्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळलं. तो म्हातारा, जो सकाळी पहिला हसला होता, त्यानं जिंकलेली सिगारेटची पाकिटं हवेत उडवली.

बाईंनी आधी तलवारीला नमस्कार केला. मग बाओशेंगला आणि याओला, दोघांना एकत्रच, कारण ते नेमके शेजारी शेजारी उभे होते आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"बाई विचारतात, शेपटावर नाव कुणाचं कोरायचं?"

"माझं," दोघं एकदम म्हणाले.

ते भांडण आठवडाभर चाललं. शेवटी पात्याच्या एका अंगाला एकाचं आणि दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचं नाव आलं. कुठलं अंग पुढचं, यावर अजून बोलाचाली होते.

याओनं एक अट घातली होती. एवढ्या मुठी एकट्याच्यानं होणार नाहीत, मी त्याच्याकडे येऊन शिकायचं. मला ती अट वाटलीच नाही. मी दुसऱ्याच दिवशी पटाशी घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. पहिलं लाकूड फुकट गेलं. दुसरंही. "डोळ्यांनी काय बघतेस," तो म्हणायचा, "अंगठ्याला विचार." माझे अंगठे सोलून निघाले. बाओशेंग रोज काही ना काही निमित्त काढून डोकवायचा, कधी कानस मागायला, कधी नुसताच.

मग एका सकाळी मी पातं मुठीत सारलं आणि ते अर्ध्यावर आपोआप सावकाश झालं. आतल्या हवेला वाट मिळत नव्हती. मी तळव्यानं मागून थोपटलं तशी हवा फुस्स करून निघाली आणि पातं तळाला जाऊन बसलं. मी कानाशी धरून झटकलं. पुन्हा झटकलं. याओनं हातातलं काम ठेवून तलवार घेतली, स्वतःच्या कानाशी धरली, बराच वेळ ऐकत राहिला आणि खुंट्यांचा डबा माझ्याकडे सरकवला.

मी उठले आणि पायात चपला न घालताच, तलवार दोन्ही हातांवर घेऊन गल्ली ओलांडून पळत सुटले. बाओशेंग भट्टीशी होता.

"कान इकडे कर," मी म्हटलं.